लाजरी

“पोरगी लाजत नाहीये. तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन जा,” सासरे म्हणाले. चहाचे जेमतेम दोन घोट झाले होते, तेवढ्यात त्यांचा चेहरा लालेलाल. कप तसाच ठेवून ते खोलीत गेले. पाठोपाठ पडदा ओढल्याचा आवाज आला.

सुनेने ते मनावर घेतलं नाही. आबा कशावरही चिडायचे. आठ वर्षांत तिने चहात साखर कमी घालून पाहिली, जास्त घालून पाहिली, पत्ती बदलून पाहिली. घोट घेतला की डोळे लाल आणि स्वारी उठून चालती. घड्याळदुरुस्तीचं जुनं, चालतं दुकानही त्यांनी तीन वर्षांपूर्वी असंच तडकाफडकी बंद केलं होतं. गिऱ्हाइकांशी पटेना, असं नवरा सांगायचा.

“बाबांच्या नाकावर राग असतो. तू आपली त्यांच्या वाटेला जाऊ नकोस,” तो म्हणायचा.

ती गेली नाही. खोलीत चहा द्यायचा झाला, तरी दारातूनच द्यायची.

पोरगी नेमकी उलट. सात वर्षांची, पण पाहुणे आले की गाल लाल आणि नजर जमिनीला खिळलेली. उन्हात निघाली तरी मान खाली. “आमची लाजरी,” सगळे कौतुकाने म्हणायचे. शेजारच्या काकू गालगुच्चा घेऊन म्हणायच्या, “हिच्या लग्नात लालीचा खर्च वाचला बाई.”

गंमत म्हणजे या लाजरीची आणि आबांची भलतीच गट्टी होती. शाळेतून आली की ती थेट त्यांच्या अंधाऱ्या खोलीत शिरायची, आणि बाहेर चार शब्द न बोलणाऱ्या पोरीची टकळी तिथे तासभर चालायची.

“काय करता गं तुम्ही दोघं अंधारात?”

“गप्पा. तिथे बरं वाटतं.”

“आबा ओरडत नाहीत?”

“आबा?” पोरीने असं पाहिलं, जणू आईने भलत्याच माणसाचं नाव घेतलं होतं.

त्या वर्षी पोरीला तीनदा रांजणवाडी झाली. गालांवर बारीक पुरळ उठला. औषधांच्या दुकानातून आणलेल्या मलमाने चार दिवसांत गाल स्वच्छ झाले आणि पाचव्या दिवशी दुप्पट लाल. आई काळजी करण्यात पटाईत. तिने सगळं लिहून ठेवायला सुरुवात केली. साबण कुठला, खाल्लं काय, झोपली किती. गालांची एक वही, डोळ्यांची दुसरी. शिकलेल्या बाईला शोभेल असा नीटनेटकेपणा होता तो, आणि तिथेच ती चुकली. दोन्ही वह्या शेजारी ठेवून तिने कधी पाहिल्याच नाहीत.

मग शाळेतून बाईंचा फोन आला. “फळ्यावरचं वाचताना ती रोज एक डोळा हाताने झाकते. आज तर तो उघडतच नाहीये. तुम्ही याल का?”

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी डोळे तपासले, मग दिवा बाजूला सारून गाल तपासले.

“बुबुळावर बारीक जखम आहे. बरी होईल, नजरही राहील. आणखी थोडे दिवस थांबला असता, तर मी इतक्या खात्रीने बोलले नसते.”

आईने गालांच्या मलमाचं सांगितलं.

“गालांवरचं आणि डोळ्यांतलं दुखणं एकच आहे. रोझेशिया म्हणतात. लहान मुलांत कमी दिसतं, म्हणून लक्षात येत नाही. ते मलम बंद. पापण्या रोज कोमट फडक्याने शेकायच्या, औषध मी देते. ऊन जपा. कढत काही पिऊ देऊ नका, त्याने चेहरा पेटतो.”

“म्हणजे ती लाजत नव्हती?”

“उजेड टोचत होता तिला.”

खुर्चीवर पाय हलवत पोरगी म्हणाली, “मी सांगितलं होतं. तू म्हणालीस, लाजू नको, वर बघ.”

आईने तिला जवळ ओढून घेतलं. डॉक्टरबाई थोडा वेळ कागदात डोकं घालून बसल्या.

“हे पुष्कळदा घरातच असतं,” लिहिता लिहिता त्या म्हणाल्या. “आणखी कोण आहे असं?”

“कुणी नाही. आमच्याकडे लाजरं दुसरं कुणीच नाही.”

डॉक्टरबाई हसल्या. “अहो, मोठ्या माणसाचं तोंड लाल झालं, डोळे लाल झाले, तर त्याला लाजणं कोण म्हणेल?”

तिला आबांचा दोन घोट घेऊन तसाच ठेवलेला कप आठवला.

घरी आल्यावर तिने चप्पल काढली आणि सरळ आबांच्या खोलीत गेली. आठ वर्षांत पहिल्यांदाच उंबरा ओलांडून आत. आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

“पोरीचा डोळा?” त्यांनी तिकडूनच विचारलं.

“वाचला, आबा.”

त्यांचे खांदे सैल झाले. ती पलंगाच्या कडेवर बसली.

“आबा, तुमचे डोळे दुखतात का हो?”

आबांनी तोंड तिच्याकडे वळवलं.

“डावा दुखतो,” मग हळूच म्हणाले. “उजव्याचं काही नाही. त्याने तीन वर्षं झाली, दिसतच नाही.”

ती सून मीच. हा एक प्रश्न विचारायला मला आठ वर्षं लागली. तुमच्या घरात कुणी रागीट असेल, तर आज त्यांच्या खोलीत जा, जवळ बसा, आणि विचारा.