दाराला लावलेली पाठ

वादळाने सकाळीच दाराची कडी उपटली, तेव्हा माझी आत्या उठली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. घरात वहिनी आणि तिचं तान्हं बाळ होतं, आणि पाय प्लास्टरमध्ये असलेला मी.

"आत्या, मी पण येते," वहिनी म्हणाली.

"तू लेकराला सांभाळ. माझं मी बघते."

आयुष्यभर शिवणयंत्रावर वाकलेली ती काटकुळी बाई. तिच्यात एवढं बळ आलं कुठून, कोण जाणे! दार दणके देत होतं आणि ती दात-ओठ खाऊन ते पेलत होती.

दुपारी मात्र तिचे पाय फरशीवरून घसरू लागले. दार आत सरकलं, फटीतून पाणी घुसलं. आणि एकाएकी बाहेरचा रेटा थांबला, आणि दार आत्याच्या पाठीसरशी मागे जाऊन चौकटीत घट्ट बसलं.

"वारा पडला का गं?" आत्याने विचारलं.

"छे!" वहिनी म्हणाली. समोरच्यांचे पत्रे उडाल्याचा आवाज आम्ही तिघांनीही ऐकला.

तरी आत्याने पाठ काढली नाही. तिचं कौतुक करावं तेवढं थोडंच.

संध्याकाळी वादळ ओसरलं आणि आम्ही बाहेर आलो. गल्लीत एकही छप्पर धड नव्हतं. आमचं दार बाहेरून चिखलापानांनी लडबडलं होतं. फक्त मधोमध माणसाच्या आकाराची एक जागा स्वच्छ, कोरडी होती. डोकं, खांदे, पाठ.

आत्याने ते खांदे निरखून पाहिले. मग हलकेच तिथे तळवा टेकवला.

"अगं बाई," ती म्हणाली, "अजून ऊब आहे."