वली मोठा की नबी

“वली खुदाकडं तोंड करून बसतो. नबींना लोकांकडं वळावं लागतं. मग खुदाच्या जवळ कोन, मौलाना?” दर्ग्याचे मुजावर दस्तगीरभाई म्हशीपुढं उसाचं वाढं टाकत म्हणाले.

मशिदीचे मौलाना शरफुद्दीन शेजारच्या दावणीला होते. “नबी खुदाला भेटले आन् लोकांसाठी माघारी आले. माघारी येनं सोपं न्हाई, दस्तगीरभाई.”

दूध संघानं चौसाळ्याजवळ चारा छावणी उघडल्यापासून वली म्हणजे संत मोठा की नबी म्हणजे प्रेषित, हा वाद चालला होता. दोघांच्या म्हशी एकाच पत्र्याखाली, त्यामुळं सुटका नव्हती. पलीकडं गाय घेऊन राहिलेल्या भिवराबाई म्हणायच्या, “दोघं बी मोठे म्हना आन् टँकर आला का बघा.” टँकर येऊन जायचा. वाद तिथंच असायचा.

एक दिवस मुजावरांचा लेक हैदराबादहून न्यायला आला. तिथं नळाला पाणी होतं. दस्तगीरभाईंनी म्हैस मौलानांच्या हवाली केली.

“चाललो मौलाना. आता वलीसारखा माघारी येत न्हाई,” ते हसून म्हणाले. “म्हंजे वाद मीच जिंकला.”

मौलाना हसले नाहीत.

हैदराबादेत सुख होतं. दर्ग्याच्या गार फरशीवर दिवसभर बसावं, कुणी हटकत नव्हतं. दस्तगीरभाईंना जन्मभर हेच हवं होतं. पण जपाची तस्बीह हातात घेतली की मौलानांचं बोलणं आठवे. त्यावर तोडीस तोड उत्तर शोधता शोधता त्यांच्या लक्षात आलं, उत्तरच नाही. मौलाना बरोबर होते. निदान तेवढं कबूल करून यावं, म्हणून त्यांनी एस.टी. धरली.

ते छावणीत पोचले तेव्हा मौलाना दोन्ही म्हशींच्या मधे पोत्यावर बसून तावातावानं बोलत होते.

“खुदाजवळ पोचल्यावर ज्याला माघारी फिरावं वाटतच न्हाई, त्याची ओढ केवढी असंल! वलीला कमी लेखू नका, भिवराबाई.”

“म्या कुठं लेखलं?” भिवराबाई म्हणाल्या. “मुजावर गेल्यापासून तुमीच त्यांच्या बाजूनं भांडताय. मला मधी कशापायी घेता?”

दस्तगीरभाईंनी पिशवी खाली ठेवली. हार मानायला आलेला माणूस, पण राहवलं नाही.

“साफ चूक, मौलाना. नबीच मोठे.”

मौलानांनी पोत्यावर सरकून जागा केली.

“बसा. पटवून द्या मला,” ते म्हणाले. “पन एका दिवसात नको.”