कुंपणाकडची शर्यत

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत एक टोपीवाला सकाळपासून मोबाइलवर फक्त प्राचीचेच पाय टिपत होता. तिच्या आईचं, कांचनचं, शर्यतीत लक्षच लागेना. ह्या माणसाचं लक्षण काही ठीक दिसत नव्हतं.

शेवटच्या फेरीला प्राचीनं वेग घेतला, तसा तोही मोबाइल धरून कुंपणाच्या कडेनं तिच्या बरोबरीनं पळू लागला. कांचनचं डोकंच फिरलं. चपला टाकून, पदर खोचून ती धावली आणि वळणावर तिनं त्याची कॉलर धरली.

"माझ्या पोरीच्या मागं का लागलायस रे?"

"कॉलेजचा कोच आहे, ताई," तो धापा टाकत म्हणाला. "तिला आमच्याकडे घ्यायचंय."

कांचन कॉलर सोडेना. तिला साधी धापसुद्धा लागली नव्हती. तो तिच्या अनवाणी पायांकडे बघत राहिला.

"तुम्हाला शाळेत असताना कुणीच बघितलं नाही का हो?"