अंगणातल्या सावल्या

महामाया चिखलीच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. जुन्या हवाई बेटांवरचा एक नियम तिला विसरता येत नव्हता. राजाच्या घरावर सामान्य माणसाची सावली पडली, तर त्या माणसाला ठार मारत.

रविवारी ती वरवट बकालला माहेरी आली. गावातल्या मोठ्या घरचे मालक वारले होते. संध्याकाळी तिचे वडील इंद्रभान भेटायला निघाले, तेव्हा तीही निघाली. वाटेत तिने तो नियम सांगितला.

"माह्या आज्यालेही त्या मोठ्या घरी भर दुपारीच जा लागे," इंद्रभान म्हणाले. "सावली पायाखाली असते ना तवा."

"तुम्हाले भेव वाटते, बाबा?"

"आता कायचं भेव? चाल."

ओट्यावरून मालकांच्या मुलाने हात जोडले. "या काका, वर बसा."

ऊन पाठीमागून तिरपं येत होतं. महामायाची लांब सावली ओटा ओलांडून भिंतीवर चढली होती. शेजारी बाबांची सावली नव्हती. तिने खाली पाहिलं. ती त्यांच्या पायांभोवती गोळा झाली होती, भर दुपारी असते तशी.

"बाबा, थांबा."

त्यांनी ऐकलं नाही. ते पायऱ्या चढले, सतरंजीवर बसले, बोलू लागले. सावली खाली अंगणातच राहिली. तिच्या शेजारी तसाच एक काळा गोळा होता. त्याच्या पलीकडे आणखी एक. फाटकापर्यंत रांग गेली होती, आणि त्यांच्यावर उभं कुणीच नव्हतं.

"काऊन थांबली वो माय? ये ना वर," बाबांनी हाक मारली.

महामायाने समोर पाहिलं. भिंतीवरची तिची सावली हळूहळू खाली उतरत होती.