नावाची रिकामी जागा

काचेच्या पेटीतलं बाळ ओंजळीत मावेल एवढं होतं, आणि मधूनच श्वास घ्यायला विसरायचं. मग सिस्टर धावत येऊन त्याच्या तळपायाला टिचकी मारायची.

आज पेटीला नवा प्लगइन जोडला होता. श्वास थांबताच तो आईच्या आवाजात बाळाला हाक मारणार होता. पण तो सुरूच होईना. पडद्यावर एक रकाना लाल दिसत होता: ‘नाव आवश्यक’.

शाल्मलीने ‘बाळ’ असं टाइप केलं. रकाना लालच राहिला.

“अख्ख्या वॉर्डात बाळंच आहेत,” सिस्टर म्हणाली. “तुमच्या मुलीचं स्वतःचं नाव हवं.”

“बारशाआधी कसं ठेवायचं?” शाल्मली म्हणाली. मग ती नणंदेकडे वळली. “ताई, नाव ठेवलं आणि ती गेली तर?”

“आणि बिननावाचीच गेली तर चालेल का गं तुला?” कुमुदताई म्हणाल्या. “नाव ठेवायचा मान आत्याचा. मुहूर्तही आत्याच काढेल.”

त्यांनी कोपरापर्यंत हात धुतले, पेटीची छोटी खिडकी उघडली आणि बाळाच्या कानाशी वाकून कुजबुजल्या. मग शाल्मलीला म्हणाल्या, “दुर्वा. कुठेही रुजते.”

नाव भरलं, तसा रकाना हिरवा झाला. शाल्मलीने रडत रडतच हाक रेकॉर्ड केली.

दुपारी पडद्यावरची श्वासाची रेघ सपाट झाली. सिस्टर खुर्चीतून उठेपर्यंत पेटीतून रडवेला आवाज आला, “दुर्वा! ए दुर्वा!”

चिमुकली छाती वर उचलली गेली. दुर्वाने ओ दिली होती.