ताकदीची पावडर

पाय मोडून नवरा दवाखान्यात अडकला आणि बारा मेंढ्यांचा सगळा भार तिच्यावर येऊन पडला. मेंढ्या जरा रोडावल्यासारख्या वाटल्या, म्हणून शेजारच्या गोठ्यातून तिने गाईंना देतात ती ताकदीची पावडर आणली आणि रोज भरड्यात कालवायला लागली. दोन महिन्यांत लोकर चमकायला लागली. फोटो पाहून नवरा फोनवर म्हणाला, "माझ्या हाताखाली कधी एवढ्या गुटगुटीत नव्हत्या गं."

काल सकाळी सगळ्यात थोराड मेंढीचे डोळे पिवळे झाले, लघवी काळपट लाल झाली आणि दुपारपर्यंत ती गेली.

जनावरांच्या डॉक्टरांनी पावडरच्या डब्यावरचं बारीक अक्षर दोनदा वाचलं.

"ताई, गाईला हे चालतं. मेंढीला यातलं तांबं सोसत नाही. ते यकृतात साठत जातं. वरून जनावर धडधाकट दिसतं आणि एक दिवस सगळं एकदम रक्तात उतरतं."

"मी तर त्यांचं रक्त वाढावं म्हणून देत होते."

"कळतंय मला. औषध लिहून देतो, पण सगळ्या वाचतील असं नाही सांगता येणार. सगळ्यात जास्त कुणाच्या पोटात गेलंय, तेवढं सांगा."



जन्मताच आई मेल्यावर तिने बाटलीने दूध पाजून जगवलेलं आणि रोज तिच्या हातून मूठभर जास्तीचा भरडा खाणारं कोकरू तिच्या पायाला टेकून उभं होतं, त्याच्या डोक्यावर तिने हात ठेवला.