दोन शब्द

पोराचा सगळ्यात गाजलेला किस्सा बापाच्या तोतरेपणावर होता. त्या एका किश्शावर त्याचे शो हाऊसफुल्ल झाले, बंगला उभा राहिला, दारात दोन गाड्या आल्या. बाप शिंपी. गिऱ्हाइकांशी बोलावं लागू नये म्हणून जन्मभर ओठांत टाचण्या धरून बसलेला माणूस. आता रस्त्यात अनोळखी लोकही त्याला त्याचीच नक्कल करून दाखवायचे.

"हे ब… बंद कर," त्याने पोराला दोनदा बजावलं होतं.

"अहो बाबा, लोक प्रेमाने हसतात! मनावर काय घेताय?"

पाचशेव्या शोला पोराने त्याला न विचारताच हात धरून स्टेजवर ओढलं आणि तोंडापुढे माईक धरला. "बोला बाबा, दोन शब्द!"

समोर हजार माणसं आधीच खिदळत होती. म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पोराच्या हातातला माईक हिसकावून घेतला. आज कुणाचीही भीड न ठेवता त्याला एवढंच सुनवायचं होतं, 'हसू नका!'

"ह… ह… ह… ह…"



बाबाही आपल्यासोबत हसतायत असं वाटून अख्खं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.